भरवायला तास लागतोय, पाण्याला ठसका लागतोय : सेरेब्रल पाल्सी, वय ४ (कागल, कोल्हापूर)

चिकोत्रा_काठ
मुलगा, ४ वर्षं २ महिने, वजन १०.५ किलो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा, स्नायूंवर ताबा नाही), चारही हातपाय ताठ. मान थोडा वेळ धरतो, आधाराशिवाय बसत नाही. मांडीवर आडवं घेऊन भरवणं चालू आहे, एका जेवणाला तास ते सव्वा तास. दूध-भात, आमटी-भात, नाचणीची आंबील जाते. पाण्याला ठसका लागतो. शी चार-पाच दिवसांनी. फिट येते, व्हॅल्प्रोएटचं सिरप चालू. दिव्यांग प्रमाणपत्र काढलेलं नाही. खुर्ची करून घ्यायची आहे, गावात सुतार चांगला आहे. खाणं, खुर्ची आणि कागद, तिन्हीबद्दल सांगा. डॉक्टरांची तारीख १५ दिवसांनी आहे, तिथं काय विचारू?

घास_आणि_घोट
आडवं घेऊन भरवणं आज रात्रीपासून बंद करा, बाकीचं त्यानंतर. मान मागं पडली की श्वासनळीचं तोंड उघडं राहतं आणि जिभेनं ढकलायच्या आधीच घोट आपोआप घशात उतरतो. ठसका तिथून येतो.

खुर्ची होईपर्यंत असं करा. भरवणाऱ्यानं भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसायचं, गुडघे वर घ्यायचे. मुलाला आपल्याकडं तोंड करून मांड्यांच्या उतारावर बसवायचं, त्याचे पाय आपल्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. कंबर वाकलेली राहते आणि कंबर वाकली की अंगाचा ताठपणा उतरतो. डोक्यामागं घडी केलेला टॉवेल द्या, हनुवटी किंचित छातीकडं. किंचितच. छातीला चिकटली तर गिळता येत नाही.

जबड्याला आधार लागला तर अंगठा खालच्या ओठाखाली हनुवटीवर, पहिलं बोट गालावरून जबड्याच्या सांध्याकडं, मधलं बोट हनुवटीच्या खाली. आधार द्यायचा, तोंड दाबून बंद करायचं नाही.

चमचा उथळ आणि जाड सिलिकॉनचा घ्या. स्टीलचा दातावर आपटला की मूल चावून धरतं, पातळ प्लास्टिकचा चावल्यावर तुटतो. चावून धरलाच तर ओढू नका, ओढलं की पकड वाढते. हात ढिला ठेवून थांबा, आपोआप सुटतो. घास अर्ध्या चहाच्या चमच्याएवढा, म्हणजे २ ते ३ मिली. चमचा समोरून, डोळ्यांच्या खालच्या पातळीवरून आणायचा, जिभेच्या मध्यावर हलका दाबायचा आणि वरचा ओठ खाली यायची वाट बघायची. वरच्या दातांवर घास निपटून काढायची सवय जवळपास प्रत्येक घरात दिसते. तसं केलं की मान मागं जाते आणि वरचा ओठ कधीच कामाला लागत नाही.

जेवण ३० मिनिटांत थांबवा, वाटीत उरलं असलं तरी. त्यापुढं मूल दमतं आणि दमलेलं मूल जास्त ठसकतं. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान करा. जेवणानंतर अर्धा-पाऊण तास ताठ बसवून ठेवा.

घास_आणि_घोट
पाण्याचं वेगळं लिहिते. घशातून सगळ्यात पटकन धावतं ते पातळ पाणी, म्हणून ठसका आधी पाण्याला लागतो. दाट करायचं, पण अंदाजानं नाही, मोजून. १० मिलीची इंजेक्शनची सिरिंज घ्या, सुई नको, दट्ट्या काढून टाका. शून्यापासून दहाच्या खुणेपर्यंतचं अंतर ६१.५ मिमी असलेलीच घ्या, आखूड-लांब सिरिंजला हे आकडे लागू नाहीत. खालचं भोक बोटानं बंद करून १० मिलीपर्यंत भरा, बोट सोडा, १० सेकंदांनी पुन्हा बंद करा. आत १ मिलीपेक्षा कमी उरलं तर ते साध्या पाण्यासारखंच. १ ते ४ उरलं तर किंचित दाट, ४ ते ८ मध्यम, ८ च्या वर चांगलं दाट. थेंबही पडला नाही तर ते चमच्यानं भरवायचं अन्न. यातली कोणती पायरी तुमच्या मुलाला चालते ते गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून ठरवून घ्या. डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच: व्हिडिओफ्लुरोस्कोपी, म्हणजे गिळतानाचा चालता एक्स-रे, करायची का? काही मुलांचं अन्न श्वासनळीत जातं आणि ठसका अजिबात लागत नाही. त्यांच्यात खूण वेगळी असते. जेवताना आवाज घरघरीत ओला होतो, डोळ्यांत पाणी येतं, ओठांभोवती रंग बदलतो, वरचेवर ताप आणि छाती भरणं.

दूध-भात आणि आमटी-भात तूर्त थांबवा. पातळ रस आणि शितं एकत्र असली की रस आधी घसरतो, शितं मागं राहतात, तोंडाला दोन्ही सांभाळता येत नाहीत. चुरमुरे घातलेलं दूध, कोरडे पोहे, शेंगदाण्याचा कोरडा कूट हेही त्यातच. साबुदाणा चिकटतो. पांढऱ्या रश्श्याला हरकत नाही, पण तो बटाटा किंवा मऊ भातात वाटून, चाळणीतून काढून. वाटीतला रस्सा तसाच नको.

पाटी_आणि_वाटी
आहारतज्ज्ञ म्हणून वजनाबद्दल आधी. ४ वर्षांच्या मुलग्याचं मधलं वजन १६ किलोच्या आसपास असतं. सेरेब्रल पाल्सीची मुलं हलकी असतात हे खरं, तरी १०.५ हे ‘तशीच असतात ही मुलं’ म्हणून सोडायचं वजन नाही. डॉक्टरांना दुसरा प्रश्न: तोंडानं पुरेसं जात नसेल तर पोटातून नळी, म्हणजे गॅस्ट्रोस्टोमी, कधी विचारात घ्यायची? हा शब्द ऐकून घरात रडारड होते, आणि तोंडाचं खाणं कायमचं बंद झालं असं धरलं जातं. तसं नसतं. बरीच मुलं नळीबरोबर चवीपुरतं तोंडानंही खातात.

वजन दर महिन्याला, त्याच काट्यावर, त्याच कपड्यांत. मुलाला घेऊन उभं राहा, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करा. काटा १०० ग्रॅम दाखवणारा हवा, अर्ध्या किलोचा काटा उपयोगाचा नाही.

पोट लहान, वेळ कमी, म्हणून त्याच वाटीत जास्त ताकद बसवायची. चमचाभर तुपात किंवा तेलात ४० कॅलरीच्या आसपास मिळतात. प्रत्येक वाटीत एक चमचा, रोजच्या पाच वाट्यांत २०० झाल्या. अंड्याचा मऊ पिवळा बलक, दुधाची पावडर, शेंगदाण्याचं गुळगुळीत वाटण (कूट नव्हे) हे पुढचं. आंबील मात्र जेवण म्हणून देऊ नका, ती बहुतेक पाणीच असते. नाचणीला मोड आणून, सावलीत वाळवून, दळून त्याची खीर करा.

घास_आणि_घोट
इथं मला आडवं यायचंय. मोड आलेल्या नाचणीत अमायलेज, म्हणजे पिठातला स्टार्च तोडणारं एन्झाइम, तयार होतं आणि ते खीर पातळ करतं. सकाळी दाट दिसलेली खीर पंधरा मिनिटांत पाण्यासारखी. ठसका लागणाऱ्या मुलाला हे कसं चालेल?

पाटी_आणि_वाटी
पातळ करतं म्हणूनच सांगितलं. साध्या नाचणीची खीर पिठाच्या दोन चमच्यांत चिक्क होते, त्यापुढं पीठ जात नाही. मोडाची असेल तर त्याच वाटीत जास्त पीठ मावतं आणि दाटपणा तेवढाच राहतो. चूक होते ती अशी, की पीठ तेवढंच ठेवलं जातं. पण तुमचं म्हणणं अर्धं मान्य. कृती अशी करा: साध्या पिठाची खूप दाट खीर शिजवा, खाली उतरवा, वाफ ओसरू द्या, मग मोडाच्या पिठाचा अर्धा चमचा ढवळा. उकळत्यात टाकलं तर तो गुण मरतो, पीठ खरपूस भाजलेलं असलं तरी मरतो. दहा मिनिटं थांबा, परत मंद आचेवर एक उकळी आणा म्हणजे पातळ होणं थांबेल. मग सिरिंज लावा. कमी दाट निघाली तर पुढच्या वेळी साधं पीठ वाढवा.

घास_आणि_घोट
उकळी आणून थांबवलं तर चालेल. एक भर घाला. लाळेतही तेच अमायलेज असतं. तोंडातला चमचा पुन:पुन्हा वाटीत बुडवला की नाचणी-तांदूळ-रव्यानं दाट केलेलं सगळं पातळ होत जातं, आणि शेवटच्या पाच घासांना ठसका लागतो. घरचे म्हणतात पोट भरलं. भरलेलं नसतं, वाटी पातळ झालेली असते. मोठ्या वाटीतून छोट्या वाटीत चार-पाच घास काढायचे, संपले की पुन्हा काढायचे. तोंडातला चमचा मोठ्या वाटीला लागू द्यायचा नाही.

तुळशीवृंदावन_७
शीसाठी आमच्याकडं एरंडेल देतात, आणि कफ सुटायला नाकात तेलाचे दोन थेंब. चालेल का?

गोळी_पुडी
फार्मसीवाला. नाकात तेल, तूप काहीही नाही. गिळण्यात अडचण असलेल्या मुलात तेल थेट फुप्फुसात उतरतं, खोकला न येता, आणि तेलाचा न्यूमोनिया होतो. तो अँटिबायोटिकनं हटत नाही. त्याच कारणानं लिक्विड पॅराफिन (तेही एक तेलच) असलेलं पोट साफ करायचं सिरप या मुलांना नको. दुकानात सहज मिळतं म्हणून लिहितो. बाटलीवर घटक वाचा. एरंडेलही तोंडानं तेलच आहे, नको. पर्याय लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, मात्रा वजनावर, डॉक्टरांकडून. पावडर पाण्यात मिसळायची असते आणि ते पाणी पातळ. स्टार्चनं दाट केलेल्या पाण्यात ती टाकली तर दाटपणा मोडतो. तेव्हा लिहून घेतानाच ‘याला पातळ पाणी चालत नाही’ हे सांगा.

पाणी कमी जातंय हेही शी अडण्याचं कारण आहे. दिवसभराचं पाणी मोजून लिहा, दह्याचं, खिरीचं धरून.

फिटचं औषध: घरातला चमचा वापरू नका, तोंडाने द्यायची ५ मिलीची सिरिंज घ्या. सिरप बदललं तर ५ मिलीत किती मिलिग्रॅम ते बघा. व्हॅल्प्रोएटचं बहुतेक ५ मिलीत २०० मिलिग्रॅम असतं, पण वाचल्याशिवाय धरून चालू नका. फेनिटॉइनचं सस्पेन्शन कुणाच्या घरी असेल तर प्रत्येक वेळी खळखळून हलवा. तळाशी बसतं. न हलवता दिलं तर वरची अर्धी बाटली कमी पडते म्हणून फिट येते आणि तळाची अर्धी जास्त होते म्हणून मूल झोकांड्या खातं. बाटली संपायच्या आठवडाभर आधी नवी आणा, कागल-मुरगूडला प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही. एकदम बंद पडलेलं औषध स्वतःच फिट आणतं.

पंचगंगा_घाट
फिट आल्यावर कांदा हुंगवतात, चप्पल हुंगवतात, दातात चमचा घालतात. यातलं काहीही नाही. कुशीवर वळवा, गळ्याजवळचं सैल करा, घड्याळ बघा. तोंडात पाणी, औषध, बोट काही नाही. भरवताना फिट आली तर आधी कूस, मग तोंडाच्या बाहेर येणारं पुसायचं. आत बोट घालून काढायचं नाही. ५ मिनिटं झाली तर नाकात मिडाझोलामचा, म्हणजे फिट थांबवायच्या औषधाचा, फवारा आणि १०८.

गोळी_पुडी
फवाऱ्याबद्दल नेमकं. नाकातून साधारण हिशोब किलोला ०.२ मिलिग्रॅम. १०.५ किलोला २ मिलिग्रॅमच्या आसपास. इथं मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत एका दाबाला अर्धा मिलिग्रॅम निघतं, म्हणजे चार दाब, दोन या नाकपुडीत, दोन त्या. पण वेगळ्या ताकदीच्याही बाटल्या असतात. म्हणून डॉक्टरांकडून मिलिग्रॅम नव्हे, ‘किती दाब’ असं लिहून घ्या आणि बाटलीला चिकटवा. वजन वाढलं की आकडा बदलतो. नवी बाटली आधी हवेत दाबून बारीक धुकं येईपर्यंत चालवायची, नाहीतर पहिले दोन दाब कोरडे जातात. चिठ्ठीवर मिळतं, एक घरी, एक अंगणवाडी किंवा शाळेत.

हाडांचा_हिशोब
फिजिओ. एक गोष्ट सगळ्यांची राहते: खुब्याचा एक्स-रे. या मुलाच्या वर्णनावरून तो चालण्याच्या पाच पायऱ्यांच्या वर्गीकरणात चौथी-पाचवीवर असावा (पाचवी सगळ्यात गंभीर). पाचवीवर खुबा सरकण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे आणि सरकताना सुरुवातीला दुखत नाही, त्यामुळं कळत नाही. दर ६ ते १२ महिन्यांनी कमरेचा एक्स-रे, पाय सरळ ठेवून. डॉक्टरांना तिसरा प्रश्न हा. लंगोट बदलताना एक मांडी उघडायला जास्त अडते किंवा एक गुडघा बसल्यावर मागं दिसतो, तर तारखेची वाट बघू नका.

रंधा_आणि_फूटपट्टी
खुर्चीचं मी लिहितो. सुताराला नुसती ‘लहान मुलाची खुर्ची’ सांगू नका, तो बैठक खोल करतो. लहानांची खोल बैठक म्हणजे मूल पुढं घसरणार, कंबर मागं कलंडणार, आणि तेच ठसक्याचं घर. मापं मुलाला बसवून घ्यायची. कुल्ले पाठीला पुरते टेकलेले, गुडघा काटकोनात. एकजण धरेल, दुसरा मोजेल.

पहिलं माप कुल्ल्याच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या खळीपर्यंत. त्यातून २.५ सेंमी वजा, ती बैठकीची खोली. दुसरं, गुडघ्याच्या खळीपासून टाचेपर्यंत. पायात स्प्लिंट घालत असेल तर घालून. तिसरं, कुल्ल्यांची रुंदी, दोन्ही बाजूंना १ सेंमी सोडून. चौथं, बैठकीपासून कोपरापर्यंत, तो ट्रे. काखेपर्यंत पण घ्या, बाजूचे आधार काखेच्या दोन बोटं खाली थांबले पाहिजेत. वर गेले तर खांद्याची नस दाबते.

पाय लोंबकळले तर सगळी मेहनत वाया. पायपाट हवाच, आणि तळवा पुरता टेकलेला. मांड्यांमधला ठोकळा गुडघ्याच्या बाजूला लावा, जांघेत नको. तो मांड्या फाकवायला असतो, घसरण थांबवायला नव्हे. घसरण पट्टा थांबवतो. पट्टा बैठक आणि पाठ जिथं मिळतात त्या कोपऱ्यातून काढायचा, जांघेच्या घडीवरून ४५ अंशात मागं-खाली ओढणारा. पोटावर बांधला की तो श्वासही अडवतो आणि जेवणही वर आणतो.

बैठकीला १८ एमएम, बाजूंना १२ एमएम प्लाय, ओल धरणार नाही असा. साधा प्लाय वर्षात फुगतो, लघवीनं. पाया खुर्चीपेक्षा रुंद, ताठ मूल झटका देतं तेव्हा उलटू नये म्हणून.

सेतू_खिडकी
कागदांचं. सुरुवात यूडीआयडीपासून (दिव्यांगांचं ओळखपत्र), बाकी सगळं त्याच्यावर टांगलेलं आहे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, त्यात रुग्णालय निवडताना सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय), नंतर तपासणीला मुलाला घेऊन. दसरा चौकातनं चालत पाच मिनिटं. सगळे जुने कागद, एक्स-रे, एमआरआय, फिटची चिठ्ठी बरोबर. कार्डाचा रंग ४० टक्क्यांच्या खाली पांढरा, ४० ते ८० पिवळा, ८० आणि वर निळा. प्रमाणपत्रावर पुढची तपासणी लिहिली आहे का ते तिथंच वाचा, लहान मुलांना कायमचं देत नाहीत.

सगळ्यात जास्त अर्ज नावात अडकतात. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, वडिलांच्या नावापुढं कुठं ‘राव’ आहे, कुठं नाही. अर्जाआधी सगळे कागद एका ओळीत ठेवून अक्षर-अक्षर जुळवा. आधार ५ व्या वर्षी बोटांच्या ठशांसह नवं करायचं असतं. बोटं उघडत नसतील तर केंद्रावर ‘बायोमेट्रिक अपवाद’ म्हणून नोंद होते, नाही म्हणाले तर तेच शब्द वापरा.

कार्डानंतर निरामय विमा. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता या चारांसाठी, १ लाखापर्यंत, थेरपी आणि ओपीडीसकट, आधी तपासणी न करता. पैसे नंतर परत मिळतात, म्हणून प्रत्येक थेरपीचं छापील बिल, सही-शिक्क्याचं. साध्या कागदावरची पावती परत येते. मुलाच्या नावानं पालकांसह खातं उघडून ठेवा.

खुर्ची सरकारकडून हवी तर एडीआयपी, म्हणजे दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची योजना, तिच्या शिबिरांत सीपी (सेरेब्रल पाल्सी) चेअर असते. १२ वर्षांखालच्यांना वर्षभरानं पुन्हा साधन मिळू शकतं. पण शिबिरातली खुर्ची ठरावीक मापांत येते, त्यामुळं सुताराची आधी करा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, सुताराचं कोटेशन जोडून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (आधीचे ग्रामसेवक) अर्ज टाका आणि पोच घ्या. पोचेशिवाय अर्ज म्हणजे रद्दी. नोकरदार असाल आणि जुन्या करप्रणालीत असाल तर दिव्यांग मुलाच्या खर्चापोटी (१९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ८०डीडी) ७५ हजार, ८० टक्के किंवा वर असेल तर सव्वा लाखाची वजावट. सेरेब्रल पाल्सीला त्यासाठी वेगळा फॉर्म लागतो (त्या कायद्यात १०-आयए).

शाळेचा प्रश्न दोन वर्षांत येईल. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, शाळेत नेणं जमत नसेल तर गृहाधारित शिक्षण मागा. कोल्हापुरात दिव्यांगांसाठीच्या दोन संस्था आहेत, शेंडा पार्कची चेतना आणि उचगावची हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड, दोन्हीकडं एकदा जाऊन या.

चिकोत्रा_काठ
कालपासून भिंतीला टेकून भरवतोय. मापं घेतली: खळीपर्यंत २५, खळी ते टाच २३, कुल्ले २०, कोपर १५. सुतार म्हणतो बैठक २५ ची करतो.

रंधा_आणि_फूटपट्टी
त्याला फोम विचारा. पाठीला २५ मिमी फोम असेल तर २५ ची फळी बरोबर, फोम धरल्यावर बसायला २२.५ उरेल. नुसती रेक्झिन असेल तर २.५ जास्त होतेय. मी म्हणेन फळी ३० ची कापा आणि पाठीला साडेसात सेंमीची सुटी गादी द्या. वाढला की पातळ गादी, खुर्ची तीच. पायपाट: बैठकीचा फोम २५ मिमीचा, मूल बसल्यावर दीड सेंमी राहतो, म्हणून प्लायच्या वरच्या कडेपासून २१.५ खाली. त्याला खाली चार-पाच भोकं पाडून ठेवा, अडीच-अडीच सेंमीवर. रुंदी आतून २२. ट्रे प्लायपासून १६.५ वर, कडेला एक सेंमीची पट्टी, वाटी घसरते. गादीला वेल्क्रो लावा, खिळे नकोत. आठवड्यातनं दोनदा तरी काढून धुवायची आहे.